तिसऱ्या दिवशी काढलेली सुई

माझा मुलगा आठव्या महिन्यात झाला तेव्हा आम्ही घोटावड्यात भाड्याने राहत होतो. हे हिंजवडीत नोकरीला, माहेर-सासर दोन्ही लातूरकडे. आदल्या दिवसापासून माझं पाणी जात होतं आणि मी ते अंगावर काढलं. शेवटी घरमालकीण मावशींनी जीप बोलावून मला पुण्यातल्या हॉस्पिटलात आणलं.

बाळाला लगेच अतिदक्षता विभागात नेलं. इतका वेळ पाणी गेलंय, तर त्याच्या रक्तात जंतू शिरले असतील, या शंकेने डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं. काचेच्या पेटीतला तो इवलासा हात, त्यावर पट्टी आणि सुई. बघवत नव्हतं, तरी त्या सुईच्या जोरावरच तो जगतोय, असं मला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर हातावर सुई नव्हती. नुसता जांभळा डाग.

"सिस्टर, इंजेक्शन?"

"मॅडमनी बंद केलंय."

"का?"

"त्यांनाच विचारा," म्हणत ती पलीकडच्या पेटीकडे वळली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मनात पाल चुकचुकली.

बाहेर मावशी डबा घेऊन आल्या होत्या. ऐकून त्यांनी आवाज खाली आणला. "औषिद काढलं म्हंजी हात टेकलं त्यांनी. त्वांडावर न्हाई सांगत. आमच्या जावंच्या पोराला आसंच केल्तं. गप बसू नगं."

यांनाही ते पटलं. डॉक्टरबाई येताच आम्ही दोघं त्यांच्यापुढे उभे राहिलो.

"इंजेक्शन परत सुरू करा," हे म्हणाले.

"गरज नाही. रक्ताच्या तपासणीत जंतू वाढले नाहीत. बाळही चांगलं आहे."

"मग दोन दिवस दिलंत कशाला?"

"तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. नको असलेलं औषध त्याच्या आतड्यातले चांगले जंतूही मारतं, आणि पुढे खरी वेळ आली तर तेच लागू पडत नाही."

मी विचारलं, "आणि तुमची चूक झाली तर?"

त्या म्हणाल्या, "होऊ शकते. म्हणून तर त्याच्यावर नजर आहे. तुम्हीही बसा. दूध पोटात राहतंय का, श्वास कसा चाललाय, अंग गार पडतंय का, बघा. काही वेगळं वाटलं की मला बोलवा."

चूक होऊ शकते, हे त्यांनी मान्य केल्यावर तर माझा उरलासुरला विश्वासही उडाला. मी पेटीशी जाऊन बसले, त्यांची चूक पकडायलाच. सिस्टर दोघी कुजबुजल्या तरी कान टवकारायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने नळीने दिलेलं दूध बाहेर टाकलं. मी ओरडलेच, "बघा! मी सांगत होते!"

डॉक्टरबाई धावत आल्या. पोट चाचपलं, छातीला स्टेथोस्कोप लावला, हातपाय धरून पाहिले. मला वाटलं, आता तरी सुई लावतील. त्यांनी पुढचं दूध सावकाश द्यायला सांगितलं आणि मला पेटीच्या भोकातून हात घालायला लावला. "तळवा बघा. गरम आहे ना?"

होता. त्याने माझं बोट धरलं. मला हुंदका फुटला, पण संशय गेला नाही. संध्याकाळपर्यंत त्या तीनदा येऊन बघून गेल्या. दूध पुन्हा बाहेर आलं नाही.

सुई परत लावावी लागली नाही. दोन आठवड्यांनी आम्ही त्याला घरी आणलं. मावशींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, म्हणाल्या, "लई झुंजलं लेकरू." डॉक्टरबाईंचं नावही त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरबाईंना भेटायचं मी टाळलंच होतं.

पावसाळ्यात त्याला सर्दी झाली, म्हणून पौडला एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट न तपासताच चिठ्ठीवर तीन औषधं लिहिली.

"यातलं अँटिबायोटिक कुठलं? आणि ते कशासाठी?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, डॉक्टर तुम्ही का मी?"

चिठ्ठी टेबलावरच ठेवून, बाळाला उचलून मी पायऱ्या उतरले.