सुहानाची एकतीस टक्के हजेरी

सुहाना मुलाणीनं पहिल्या सत्रात एकही तास चुकवला नव्हता, तरी ऑक्टोबरात नोटीस बोर्डावर गैरहजर मुलांची यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात होतं. प्राणिशास्त्र, रोल नंबर त्रेचाळीस, हजेरी एकतीस टक्के. पंचाहत्तरच्या खाली असणाऱ्यांना परीक्षेला बसता येणार नव्हतं.

झालं होतं ते असं. सुहाना धरणाकाठच्या पळसदेवची. तिचे अब्बा, बादशाह मुलाणी, मासेमारीची जाळी विकायचे. गावच्या शाळेत सगळे तिला लहानपणापासून ओळखायचे, त्यामुळं न बोलता बारावीपर्यंतची वर्षं निघाली. बारामतीला बीएस्सीला आली आणि एकदम एकशे दहा मुलांच्या वर्गात पडली. चारचौघांत बोलायचं ती टाळायची. होस्टेलच्या मेसमध्ये दुसरी चपाती मागावी लागते म्हणून ती एकीवरच उठायची. शेवटी तिची रूममेट, सणसरची श्रेया, न विचारताच तिच्या ताटात दोन जास्तीच्या टाकू लागली.

हजेरीचंही तसंच. गावडे सर रजिस्टरमध्ये मान घालून भराभर नंबर पुकारायचे. वर पंखे गरगरत असायचे. शेवटच्या बाकावरून सुहाना "येस सर" म्हणायची, पण बहुतेक दिवशी ते पुढच्या बाकापर्यंतही पोचायचं नाही.

"अगं, येत नव्हते, आता येईन म्हणून लिहून द्यायचं, पालकाची सही आणायची, की झालं," श्रेया म्हणाली. "सगळे तेच करतायत."

सुहानानं घरी फोन लावला. सगळं ऐकून अब्बा म्हणाले, "मी येतो की सकाळच्या एसटीनं. करतो सही. त्यात काय एवढं?"

सुहाना म्हणाली, "नगं, अब्बा. मी रोज गेले हाय. गेले न्हाय म्हणून तुमी कशाला सही करायची? मीच बोलते सरांशी."

"तू बोलतीस?" अब्बांना खरंच वाटेना.

तिलाही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती दोनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत जाऊन परत फिरली. तिसऱ्यांदा सरांनीच मान वर केली. "काय गं? कोण तू?"

तीन महिने तिला शिकवणारा माणूस तिला विचारत होता, कोण तू. सुहानाला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. ती आत गेली आणि तिनं वही टेबलावर ठेवली. "रोल नंबर त्रेचाळीस, सर. मी रोज येते."

सरांनी वही चाळली. प्रत्येक तासाची तारीख, प्रत्येक आकृती जागेवर होती. ते शांतपणे म्हणाले, "वही कुणाचीही उतरवता येते, बाळ. मला कसं कळणार?"

"वीस ऑगस्टला लाइट गेली व्हती, सर." घाबरल्यावर तिच्या तोंडी गावचीच बोली यायची. "तुमी फळ्यावर बेडकाचं हृदय काढलं. त्यात डावी-उजवी कर्णिका उलटी झाली व्हती. दुसऱ्या दिशी तुमी आल्या आल्या दुरुस्त केली. उतरवून घेणाऱ्याच्या वहीत नुस्ती बरोबर आकृती असंल. माझ्या वहीत दोनी हायेत."

सरांनी पानं उलटली. खरंच दोन्ही होत्या. चुकीच्या आकृतीशेजारी पेन्सिलनं छोटं प्रश्नचिन्ह होतं.

"तुझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं? मग बोलली का नाहीस?"

"हात वर केला व्हता, सर. आवाज न्हाय निघाला."

सरांनी वही मिटली. "हजेरी घेताना मीही कधी मान वर केली नाही," ते म्हणाले आणि यादीतल्या तिच्या नावावर त्यांनी रेघ मारली.

आता जायला हरकत नव्हती, पण सुहाना हलली नाही. "सर, सांगवीचा संदेश माज्या पलीकडच्या बाकावर बसतो. त्यो पण रोज येतो. त्याचं बी नाव हाय."

दुसऱ्या दिवशी गावडे सर रजिस्टर हातात घेऊन बाकाबाकाशी फिरले. प्रत्येकाची वही पाहिली, शेजारच्यांना विचारलं. यादीतून आणखी सहा नावं निघाली.

सुहाना परीक्षेला बसली आणि प्राणिशास्त्रात वर्गात दुसरी आली. त्याहून मोठी गोष्ट फेब्रुवारीत घडली. सरांनी प्रत्येकाला एकेका जीवावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. सुहानानं चिलापी मासा निवडला.

ती व्यासपीठावर उभी राहिली, पहिलं वाक्य बोलली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज!" वर्ग हसला. सुहाना थांबली. तिनं हातातला कागद घडी करून ठेवला, व्यासपीठावरून खाली उतरली आणि बाकांच्या मधल्या वाटेनं चालत वर्गाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"चिलापीची मादी अंडी तोंडात धरते," ती तिच्या नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "पिल्लं निघेपर्यंत ती काही खात नाही. जाळ्यात आलेल्या मादीच्या तोंडातून बारीक पिल्लं सांडताना मी पाहिली आहेत. होडीतल्या पाण्यात ती परत तिच्याच तोंडाकडं धावतात."

कुणी हसलं नाही. पुढचे मागं वळून बसले, मागचे पुढं वाकले. कुणीतरी उठून पंखे बंद केले. दहा मिनिटं संपली तसे प्रश्न सुरू झाले. नर काय करतो? धोका दिसला तर? एवढी पिल्लं तोंडात मावतात कशी? प्रत्येकाकडं वळून ती उत्तर देत होती.

घंटा झाली. पुढच्या तासाच्या मॅडम दारात येऊन थांबल्या. "झालं का?" त्यांनी विचारलं.

"दोन मिनिटं, मॅडम," सुहाना म्हणाली. "अजून एक प्रश्न राहिलाय."