सुमनकाकूच्या टीव्हीचं शटर

काल मोबाईलवर एक जुना प्रेमाचा पिक्चर लावला आणि एकदम मुलुंडची आमची चाळ आठवली. ऐंशीच्या दशकात दर रविवारी आम्ही पोरं शेजारच्या सुमनकाकूकडे टीव्हीसमोर ठाण मांडायचो. मारामारीचे पिक्चर फालतू, प्रेमाचे झकास, हे तिचं ठाम मत.

त्या संध्याकाळी हिरो-हिरॉईनचं जमलं, झकास गाणं झालं आणि हिरो खोकायला लागला. काकूने उठून टीव्हीचं लाकडी शटर सर्रकन ओढलं.

“काकू, तो मरतो का गं?”

“मला काय माहीत? आता सुखात आहेत ना दोघं? राहू दे. रडारड बघायला मी टीव्ही नाही घेतला.”

मी जाम चिडले होते. मला शेवट हवाच होता.

कालचा पिक्चर तोच निघाला. गाणं संपलं, हिरो खोकला आणि मी मोबाईल बंद केला.