तुझ्या आजानं मशीन सोडली ती

…तर त्या मशिनीला काय झालं, तेच तुझ्या आजाला उमजंना. लिहितीस नव्हं? हळूहळू सांगते गं, दम लागतो मला आता.

पडेगावच्या रोडला एका कंपनीचं गेस्ट हाऊस होतं. तुझा आजा तिथं माळी. गवत कापायची पेट्रोलची मशीन आली, तवा सगळ्या माळ्यांत सायबानं ह्यांनाच ती शिकवली. मशीन जुनीपानी, पर लेकरावानी पुसायचे तिला.

एका साली दसरा झाला अन् ती बिघडली. दोरी वढली की चालू व्हायची, पर एका चालीनं चालंना. मधीच बोंबलायची, मधीच मरायला टेकायची, परत बोंबलायची. ह्यांनी कार्बोरेटर खोलला, धुतला, त्याचा स्क्रू फिरवला. तीन डाव. फरक नाय.

सायब म्हनला, "फकिरा, तूच हात घालून बिघडवलीस. रविवारी पाहुणे येतायत. तोवर नीट झाली नाही, तर मशीनबरोबर तूही गेलास."

दोन दिस भाकर गिळली नाय माणसानं.

मंग अन्सारभाईला आणलं. छावणीत त्येचं इंजनं दुरुस्तीचं दुकान होतं. आला, उकिडवा बसला, ह्यांना म्हनला, "चालू कर अन् गुमान बस. तेरा मुंह इंजन से ज्यादा चलता."

ऐकत बसला नुसता. मंग पेट्रोल कमी-जास्त करायचा बारका दांडा असतो, त्यो बोटानं धरून ठेवला. अन् काय सांगू, मशीन एका सुरात चालाया लागली! बोट सोडलं की परत तेच.

"कार्बोरेटर चंगा है रे," म्हनला. "आत्ता माझं बोट जे काम करतंय, ते गवर्नरचं काम. त्योच कुठंतरी अडकलाय."

गवर्नर म्हंजी पंख्याजवळचं पत्र्याचं एक पान. मशीन लई पळाया लागली की पंख्याचा वारा त्या पानाला ढकलतो, पान तारेनं दांडा वढतं अन् पेट्रोल कमी होतं. मंदावली की स्प्रिंग त्याला माघारी आणती. मला अन्सारभाईनंच सांगितलं हे.

तितक्यात सायबानं ह्यांना हाक मारली. मी चहा घेऊन उभी. अन्सारभाईनं वरचं झाकण काढलं, अन् पानाच्या मागून बोटानं काय काढलं? सडका झेंडू. कुंकवाचा लगदा. चार अक्षता.

खंडेनवमीला मीच पुजली होती मशीन. ह्यांनी बजावलं होतं, फूल मुठीला बांध, पंख्यावरच्या जाळीवर टाकू नको. म्या म्हनलं, देवाच्या फुलानं काय व्हतंय! मूठभर वाहिलं जाळीवरच. अन्सारभाईला तिथंच कबूल केलं म्या.

"भाभी," अन्सारभाई हळूच म्हनला, "पूजा तुमची अन् बोलणी फकिराला. मी सायबाला सांगत नाय. तुम्ही घरी सांगा त्याला."

सायबाला त्यानं सांगितलं, स्प्रिंग ढिली पडली होती, मशिनीची उमर झाली. मशीन चालली. नोकरी राहिली.

पर तुझ्या आजाला वाटलं, अन्सार दोस्तीपायी खोटं बोलला. सांजच्याला म्हनले, "माझाच हात वंगाळ. स्क्रू फिरवाया नको होता." दुसऱ्या दिशी मशीन बरोबरच्या बन्सी माळ्याला दिली अन् आपण विळा घेतला. अठरा वरसं, बाई! उन्हात गुडघ्यावर सरकत सरकत गवत कापलं, अन् बन्सीची मशीन बाजूनं जायची.

मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. त्ये घरी यायचे तर इतके दमलेले, की वाटायचं, राहू दे, निजू दे. मंग जितके दिस गेले तितकं तोंड उघडंना.

आता मीच दमले. मला समोर बसून सांगवत नाय. त्ये आत पडलेत, जा, हे सगळं वाचून दाखव त्यांना. मोठ्यानं वाच, कमी ऐकू येतं. अन् येवढं बी म्हणावं, तुमच्या हातानं काय बी बिघडलं नव्हतं.