चौथा बोल्ट

महाराष्ट्र होऊन चार-सहा वर्षं झाली होती. आमच्या भागातल्या नव्या धरणावर सरकारची एक मोटारबोट होती. पाण्याखाली रस्ता गेलेल्या पलीकडच्या दोन गावांना ये-जा करायला तेवढं एकच साधन. ती बोट एकोणीस दिवस बंद राहिली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, आणि एकोणीस दिवस मला सहन होण्यासारखे नव्हते.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरी पुस्तकं थोडी आणि पत्रकं पोत्यानं. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली आणि पुढच्या छापील बाजूवर वाचायला शिकलो. अन्याय दिसला की मी आधी मथळा शोधायचो. या वेळी तो चटकन सापडला: ‘बोट बंद, मिस्त्री मस्त!’ बाजाराच्या दिवशी पत्रक वाटलं. लोक हसले, मोठ्यानं वाचू लागले. मला वाटलं, काम झालं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीनंच मला बोलावलं.

मिस्त्री देऊळगाव राजाचा, पन्नाशीचा माणूस. सगळे त्याला चाचा म्हणत. तो बोटीच्या पोटात उकिडवा बसला होता. काठावर माती टाकणारे चार मजूर आमच्याकडे बघत होते.

“तूच काय बे तो लिवनारा?”

“हाव.”

“बोट बंद हाये, पन तुह्यं बोट लय चालते बाप्पा!”

मजूर खो खो हसले. माझे कान तापले. मग चाचा आवाज न चढवता बोलू लागला. पंखा फिरवणारा दांडा बोटीच्या तळातून बाहेर जातो तिथली, फटीतून येणारं पाणी अडवणारी दोरी झिजली होती आणि पाणी आत येत होतं. नव्या दोरीसाठी त्यानं तीनदा कागद पाठवला होता. दोरी परवा आली, माझं पत्रक वाटलं गेलं त्याच दिवशी. आणि पत्रक वर पोचल्यामुळे उद्या दुपारी साहेब येणार होते.

“सात वर्सं झाले, रोजच्या हजेरीवर हाये मी. पक्का नाई. उद्या बोट चालली त मी राह्यलो. नाई चालली त माह्यं नाव कटलं.”

“मंग मले काऊन बलावलं?”

“हाताखाली मानूस नाई. अन् तुले घाई हाये. घाईवाला मानूस कामाले बरा पडते.”

दोरी बदलायची तर इंजिनाचा दांडा आणि पंख्याचा दांडा जोडणारी लोखंडी चकती सोडवावी लागते. तिला चार बोल्ट. तीन निघाले. चौथा गंजून एकजीव झाला होता. चाचानं त्याच्यावर घासलेट ओतलं.

“पिऊ दे त्याले. मी भाकर खाऊन येतो. तवरोक हात लावजो नको.”

तो गेला. मी बसलो. पाण्यापलीकडे काठावर माणसं उभी दिसत होती, एवढीएवढीशी. उठावं, बसावं, पुन्हा बोल्टकडे बघावं. माझ्या एका ओळीमुळे एका माणसाची भाकरी जाणार होती आणि मी घासलेट मुरायची वाट बघत होतो! मी पाना लावला. पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, म्हणजे जोर दुप्पट. पाय टेकवून ओढलं.

कट् असा आवाज आला आणि पाना सैल फिरला. क्षणभर मला आनंद झाला. निघाला! मग बोल्टचं डोकं तळातल्या पाण्यात टपकन पडलं. धड आतच होतं.

चाचा आला. त्यानं बघितलं. विडी पेटवली.

“चाचा, मी...”

“आता तुले शिव्या देऊ का काम करू? एकच होते.”

मग त्यानं तुटक्या बोल्टच्या बरोबर मधोमध टोचा मारून खूण केली. हाताच्या ड्रिलनं तिथे भोक पाडायचं होतं. ड्रिलची मूठ त्यानं छातीनं दाबून धरायची, चाक फिरवायला मी. भोक जरा कलतं गेलं तर चकतीचे आटे खराब होणार आणि चकती फुकट. मी भराभर फिरवू लागलो की तो माझ्या मनगटावर चापट मारायचा. “हे काय रहाटगाडगं हाये काय बे?” दिवस मावळेपर्यंत बोटाच्या पेरभर भोक झालं. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी त्यानं जुनी कानस आणली. तिचं मुठीत जाणारं चौकोनी शेपूट त्या भोकात ठोकून घट्ट बसवलं, स्टोव्हच्या ज्योतीनं चकती तापवली आणि कानशीला पाना लावला. पण त्यानं आधी बोल्ट आत कसला.

“चाचा, काढाचा हाये ना? आत कायले नेता?”

“हालू त दे त्याले.”

केसभर आत, केसभर बाहेर. पुन्हा घासलेट. मी नखं खात होतो. दहाच्या सुमाराला बोल्ट करकरला आणि गंजाचा लाल चुरा सांडत बाहेर आला. दोरी भरली, पंपाचा एक जुना बोल्ट तिथे बसवला. इंजिन सुरू झालं आणि तळ कोरडा राहिला. पलीकडच्या काठावरून आरोळी आली.

“आता तू घरी जाय,” चाचा म्हणाला. मी गेलो नाही.

साहेब जीपनं आले. बोटीतून एक चक्कर मारली, मान हलवली. सगळं संपल्यातच जमा होतं. उतरताना त्यांना फळीवर तो तुटका बोल्ट दिसला.

“हा कसा तुटला?”

“गंजला होता साहेब.”

“गंजला होता की आडदांडपणा केलात? सरकारी सामान आहे हे!”

चाचा खाली बघत उभा राहिला. सात वर्षांत असं त्यानं किती ऐकून घेतलं असेल. एवढं एक वाक्य गिळलं असतं तर जीप निघून गेली असती. मला ते गिळता आलं नाही.

“साहेब, त्यांनी नाही. मी तोडला.”

“तू कोण? खात्यातला आहेस?”

“नाही. ते पत्रक मीच काढलं होतं.”

साहेब माझ्यावर रागावले नाहीत. ते चाचाकडे वळले. “म्हणजे बाहेरच्या माणसाला सरकारी इंजिनाला हात लावू दिलात?”

शनिवारी चाचाचं नाव हजेरीतून कटलं. बोट चालू होती. तिच्यावर दुसरा माणूस आला.

मी अर्ज लिहिला, दोन्ही गावांच्या सह्या घेतल्या, स्वतः बुलढाण्याला जाऊन दिला. उत्तर आलं नाही. महिन्याभरानं चाचा लोणारकडे विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायला निघाला. मी स्टँडवर गेलो आणि म्हणालो, “मी खोटं कसं आयकून घेऊ, चाचा?”

“तू खरं बोलला, चांगलं केलं,” तो म्हणाला. “पन मले एक डाव इचारलं असतं. नोकरी त माही होती ना.”

एस.टी. आली. त्याची अवजारांची पेटी टपावर चढवायची होती. मी पुढे होऊन कडी धरली.

“राहू दे,” तो म्हणाला, आणि पेटी खांद्यावर घेऊन स्वतः शिडी चढला.