मामांचे बारीक टायर

माणसाची पारख त्याच्या टायरवरून करणारा दुसरा इसम अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही. आमचे जामखेडचे मामा कुणाच्याही दारी गेले की यजमान 'या, या' म्हणत उभा, आणि हे त्याच्या गाडीपाशी उकिडवे बसून, चष्मा कपाळावर सरकवून टायरच्या कडेवरचे आकडे वाचतायत. माझ्या मावसबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा आत पोहे निवले तरी मामा अंगणातच. शेवटी आत येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पन रुंद टायर घालतो. उधळ्या निघंल." लग्न झालं ते झालंच, पण जावई अजून मामांना बघितलं की गाडी पलीकडच्या गल्लीत लावतो.

मी हौसेनं रुंद टायर बसवले तेव्हा तर त्यांनी माझ्या नावानं सुतकच पाळलं. "ह्यो व्ही बघ. म्हंजी दोनशे चाळीसच्या वेगाचा टायर! आपल्या रोडला तू दोनशे चाळीसनं जानार हाईस व्हय? आधीच रुंद, त्यात असल्या वेगासाठी बांधलेला. चाक जड लोळतंय, पेट्रोल पितंय." माझी जुनी बारीक चाकं भंगारात चालली होती, ती त्यांनी रिमसकट नेली, धुतली आणि पोत्यात गुंडाळून मामीच्या पलंगाखाली सारली. मामी म्हणाली, "आता मी अन् चाकं, एकाच खोलीत पडून."

मामीला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा नगरला न्यावं लागे. मध्ये पेट्रोलच्या टँकरवाल्यांचा संप झाला आणि पंपांवर दोऱ्या बांधल्या गेल्या. एक खेप चुकलीच होती. दुसऱ्या खेपेच्या सकाळी मी त्यांच्याकडेच होतो; मामीचे पाय सुजले होते, बोलताना दम लागत होता, आणि रुग्णवाहिका कधी येईल ते कुणी सांगेना. मामांच्या गाडीत थेंब नव्हता. माझ्या गाडीत तळाला होतं तेवढं, आणि शेजाऱ्यांच्या मोटारसायकलींतून नळीनं काढलेलं दीड लिटर. मामांनी मातीत बोटानं हिशेब मांडला. "पाच-सहा किलोमीटर कमी पडतंय," ते म्हणाले, आणि माझ्या टायरांकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"जॅक काढ."

"मामा, वेळ जातोय!" मी ओरडलो.

"वाटंत बंद पडली तर लई जाईल."

पायरीवर बसून मामी धापा टाकत बघत होती. घाईत माझ्या हातून नट दोनदा मातीत पडले. पलंगाखालची चारी बारीक चाकं चढवली, हवा भरली, डिकी रिकामी केली आणि निघालो. एसी बंद, वेग पन्नास-पंचावन्न. चिचोंडीच्या अलीकडे पेट्रोलचा दिवा लागला. मामा मागे मामीचा हात धरून गप्प. आयुष्यात पहिल्यांदा ते गाडीत गप्प बसले आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. दवाखान्याचं फाटक दिसलं आणि इंजिननं आचका दिला. मी आणि मामा उतरून ढकलू लागलो. घामानं निथळत मामा म्हणाले, "बघ, कशी हलकी लोळती!" मला हसू आणि रडू एकदमच आलं. मामी वेळेत पोचली.

मामीला जाऊन आता वर्ष होईल. परवा गेलो तर मामांनी अंगणात येऊन टायर वाचले नाहीत. आत नेऊन पलंगाखालचं पोतं ओढलं. त्यात त्या सकाळी काढून ठेवलेले माझे रुंद टायर होते, स्वच्छ धुतलेले.

"बसव आता तुझे," ते म्हणाले. "आता कुनाला येळंवर पोचवायचं हाय?"

मी पोतं पुन्हा नीट बांधलं आणि पलंगाखाली सरकवलं.