हलका माल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, नांदेडच्या माझ्या बहिणीजवळही नाही — आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही लातूरचे नसाल. असलात तरी आमच्या गल्लीतले नसाल, एवढी आशा आहे.

आधी बंदुकांचं सांगते. मुद्दा टाळतेय असं समजू नका. बरं — टाळतेच आहे.

मला नेमबाजीच्या जुन्या छऱ्याच्या बंदुकांचा नाद आहे. जुन्या, मोडक्या, कुणाच्या तरी माळ्यावर गंजत पडलेल्या आणायच्या, खोलायच्या, साफ करायच्या, चालत्या करायच्या. कॉलेजात असताना विष्णुपुरीच्या एका शिबिरात पोटावर झोपून पहिल्यांदा नेम धरला आणि सगळे छर्रे कागदाच्या काळ्या टिकलीत बसले. त्याआधी मी आयुष्यात कशातही पहिली आले नव्हते. तेव्हापासून हे लागलं ते लागलंच. लग्नात रुखवतावर बंदूक मांडता येत नाही, म्हणून ती मी मागाहून सासरी आणली.

ह्या बंदुकांत एका वेळी एकच छर्रा जातो. दांडा ओढायचा, छर्रा ठेवायचा, दांडा मिटायचा, नेम धरायचा, घोडा दाबायचा — संपलं. मागून दुसरा येत नाही. मला त्यातलं हेच आवडतं. जे करायचं ते आधी पूर्ण विचार करून करायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं अशी वाक्यं माझ्या तोंडून सहज निघतात.

पहिली बंदूक मिळाली जत्रेतल्या फुगेवाल्याकडून. नळीच्या टोकावर नेमासाठी जो बारीक खिळा असतो त्याला माशी म्हणतात. त्यानं ती मुद्दाम वाकवून ठेवली होती, गिऱ्हाइकांचे फुगे फुटू नयेत म्हणून. माशी मी सरळ केली, पण बंदूक आतूनच दमलेली होती. तिचा छर्रा पापडाला लागला तरी माफी मागून खाली पडेल, इतकी.

दुसरी रेणापूरची. आणि जे झालं ते तिच्यामुळं — नाही, तिच्यामुळं नाही. माझ्यामुळं. पण त्या वेळी ती माझ्या हातात होती.

रेणापूरच्या एका शेतकऱ्याच्या घरी तिनं चिंचा पाडत. त्याआधी काही वर्षं कपड्याच्या दोरीला टेकू म्हणून तिची सेवा झाली होती. जर्मन बनावटीची, बाजूला दांडा, मागं डोळा लावायला बारीक भोकाची चकती. मी ती उराशी धरून बसमध्ये बसले तेव्हा शेजारच्या बाईनं जागा बदलली.

अख्खा हिवाळा मी तिच्यावर घालवला. नळीचा गंज रॉकेल लावून लावून काढला. लाकडी दस्त्याला पडलेले खळगे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली की फुगून वर येतात, ते केलं. मग तळहातानं जवसाचं तेल, पुन्हा तेल, वर मेण. आतला कातडी वायसर वाळून बिस्किटासारखा झाला होता. चांभाराकडून कातडं आणून नवा कापला. हे सगळं गच्चीवरच्या खोलीत चालायचं. आमचे हे वर येऊन विचारायचे, अजून तिच्याशीच बोलायलीस का. त्यांचं ठाम मत होतं की तिच्यातून छर्रा बाहेर पडला तर तो स्वतःच्या पायानं चालत जाईल.

आणि माझा एक नियम होता. घरात सगळ्यांना पाठ. बंदूक रिकामी असो की भरलेली, वाळूच्या पोत्याशिवाय कशावर रोखायची नाही. एकदा सासऱ्यांनी — त्यांना आम्ही अप्पा म्हणतो, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची अडत आहे — कौतुकानं एक बंदूक उचलून दारावर रोखली. मी भर पाहुण्यांत त्यांना बोलले. अप्पांनी मुकाट खाली ठेवली. त्या दिवसापासून नियम म्हणजे मी आणि मी म्हणजे नियम, अशी घरात ख्याती झाली.

आता टाकी.

आमच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती. लातूरला नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं हे तुम्हाला ठाऊक असेल. तेव्हा टाकी म्हणजे घरातलं सगळ्यात मानाचं माणूस. ती दिली होती आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे, महानंदाचे यजमान. उदगीरला त्यांचं नळ, पाइप, टाक्या यांचं दुकान आहे. स्वतः टेम्पोत बसून आले होते, स्वतः बसवून गेले होते. टाकीच्या पोटावर, बरोबर मध्ये, एक गोल पांढरी खूण होती. गोल. पांढरी. तुम्हीच सांगा — नाही, काही सांगू नका.

गेली कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आले की बंदूक रिकामी आहे असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. छर्रा मीच ठेवला होता. चैत्रातली दुपार होती, सगळे झोपले होते. वाळूच्या पोत्यावर नेम बरोबर बसत होता, पण पोतं होतं जवळ. इतक्या जवळून तर फुगेवालासुद्धा मारेल. गच्चीवर सगळ्यात लांबचं अंतर म्हणजे जिन्याच्या दारापासून टाकीपर्यंत. मला वाटलं, छर्रा आपटून खाली पडेल. वाटलं म्हणजे काय — वाटून घेतलं. चकतीच्या भोकातून ती पांढरी खूण दिसली, श्वास थांबला, आणि घोडा कधी दाबला ते कळलंही नाही.

खुणेच्या अगदी मधोमध. केसभरही इकडं तिकडं नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला नेम.

मग त्यातून पाण्याची धार लागली. बारीक, पण जोमदार. आणि खाली सासूबाईंच्या — अव्वांच्या — कुरडया वाळत होत्या. मी धावले, भोकावर बोट ठेवलं. असं किती वेळ उभं राहणार? शेवटी दस्त्याचं मेण आणून गोळा करून दाबून बसवलं. धार थांबली. भिजलेल्या कुरडया उलट्या केल्या. छान बसलंय, असं मनाशी म्हणाले आणि खाली जाऊन चहा टाकला.

चैत्रात लातूरच्या गच्चीवर मेण किती टिकतं, हे विज्ञानाच्या बाईला कळायला नको होतं का?

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना ते वितळलं. संध्याकाळी आले तर अर्धी टाकी रिकामी, कुरडयांचा परत चीक झालेला, आणि अप्पा, अव्वा, आमचे हे, तिघं टाकीपुढं मयताला आल्यासारखे उभे. मेणाचा ओघळ अव्वांना कबुतराची घाण वाटली. अप्पा भोकात काडी घालून बघत होते. त्यांनी वळून मला गमतीनं विचारलं, "सूनबाई, तुझी बंदूक तर न्हाई ना लागली?"

इथं सांगता आलं असतं. ते हसतच होते. मीही हसून हो म्हटलं असतं तर चार शिव्या आणि विषय मिटला असता.

मी रागावले. खरंच सांगते, मला खरोखरचा राग आला. अप्पांना ऐकवलं की माझा नियम घरात कुणाला माहीत नाही का. आमच्या ह्यांनीही माझीच बाजू घेतली — तिच्या बंदुकीतून अजून छर्रा तरी बाहेर आलाय का, म्हणाले. हे ऐकून मला वाईट वाटलं. इतका सुंदर नेम, आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नाही. त्या घडीला मी खरं बोलणार होते ते पश्चात्तापानं नव्हे, ह्या अपमानानं.

अप्पा वरमले. म्हणाले, तू शिकलेली, तूच बघ बाई कशानं झालं असंल. मी पुढं झाले. भोकावर बोट फिरवलं, कड तपासली, डोळे बारीक केले. आणि म्हणाले, "माल हलका असंल."

तीन शब्द. टाकीला भोक पाडलं ही चूकच, पण माझा खरा गुन्हा हे तीन शब्द आहेत. त्यांच्याभोवतीच मी इतका वेळ घिरट्या घालतेय.

कारण अप्पांनी ते जसेच्या तसे फोनवर दाजींना ऐकवले, वर मास्तरीणबाईंनी तपासून सांगितलंय असा शिक्काही मारला. आणि अप्पांचा आवाज असा की फोन केला नसता तरी उदगीरला गेला असता. दाजींच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक बसलं होतं. आठवडाभरात तिकडं बाजारात झालं — ह्याच्या सासऱ्यानंच ह्याच्या मालाला नाव ठेवलं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना उन्हाळ्यातच आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आहेर करायचा, ही आपल्याकडची रीत. अव्वांनी पुरणाची डाळ निवडून ठेवली, अनारशाचं पीठ लावलं. दाजी आले नाहीत. महानंदा एकटी आली, डोळे सुजलेली. दाजींचा निरोप तिनं चौकटीतच सांगितला: "माझा माल हलका, तर मी तरी कशाला जड होऊ तुम्हाला?"

अव्वा स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. महानंदानं अनारशाला हात लावला नाही. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, वहिनी, तूच काहीतरी कर, तुझं सगळे ऐकतात.

मी काय केलं? अनारसे डब्यात भरून दिले.

महिना संपायला आला तेव्हा एका रविवारी सकाळी गल्लीत टेम्पो थांबला. वर नवीकोरी टाकी, आणि टाकीला धरून पांढऱ्या शर्टात दाजी. टाकी रस्त्यावर उतरवली आणि अप्पांना म्हणाले, बघून घ्या. अप्पांनी तुरीच्या पोत्यात हात घालावा तशी ती सगळीकडून चाचपली. दाजींनी हातोडी दिली. आमच्या ह्यांनी दोन घातल्या. टाकी हालली नाही. तोवर गल्ली जमली होती. मग दाजी माझ्याकडं वळले.

"वहिनी, तुमची बंदूक आणा. गल्लीदेखत मारा हिला."

मी जिना चढले. वरच्या खोलीत दोन्ही बंदुका भिंतीला टेकलेल्या. रेणापूरची आणली आणि नवी टाकी फुटली, तर हा माणूस भर रस्त्यात संपला. शिवाय गच्चीवरच्या भोकाचं जुळं भोक खाली सगळ्यांपुढं. मी फुगेवाल्याची उचलली. एवढंच नाही, जिना उतरायच्या आधी तिचा एक स्क्रूही सैल केला.

खाली येऊन सगळ्यांना माझ्यामागं उभं केलं. मुलांना ओट्यावर चढवलं. नियम, शिस्त, सगळं. घोडा दाबला. टक. छर्रा टाकीला लागला आणि शेंगदाणा सांडावा तसा खाली पडला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. दाजींनी इतक्या दिवसांनी मान वर केली. मला वाटलं, झालं. फिटलं.

पण अप्पा हिशेबी माणूस. ते टाकीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे हा माल भारी हाय. मंग ती जुनी हलकीच व्हती."

दाजी पुढं झाले, अप्पांच्या पायाला हात लावला. "हाव अप्पा," ते म्हणाले, "ती माझी चूक. मी नीट बघून द्यायला पायजे व्हती."

मी चार हातांवर उभी होते. बंदूक हातात, नळी जमिनीकडं, बोट घोड्यावरून काढलेलं. मी तोंड उघडलं होतं. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. अव्वांनी त्यात पेढा घातला.

दाजी त्या दिवशी पोटभर धोंडे जेवले. परत गेल्यावर त्यांनी जुन्या टाक्यांच्या कंपनीशी भांडून तिचा माल ठेवणं बंद केलं — त्या बिचाऱ्यांना अजून कळलं नसेल आपलं काय चुकलं. आणि त्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर काढलेला माझा फोटो मोठा करून दुकानात लावला. मी बंदूक रोखलेली, समोर टाकी. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: गोळी मारा, फुटणार नाही. फोटोत माझं डावं कोपर चुकलंय, हे मला दर वेळी आधी दिसतं. बाकीचं नंतर आठवतं.

मागच्या महिन्यात उदगीरला गेले होते. देवणीहून एक जोडपं टाकी घ्यायला आलं होतं. दाजींनी खुर्ची पुढं करून मला फोटोखालीच बसवलं, चहा मागवला. त्या बाईनं एकदा फोटो बघितला, एकदा मला, आणि विचारलं, खरंच मारली व्हती का हो तुम्ही?

मी म्हटलं, खरंच.

त्यांनी टाकी घेतली. दाजी मला सोडायला स्टँडवर आले. बसला गर्दी होती, तर ते धावत पुढं गेले आणि मला खिडकीशी जागा मिळावी म्हणून बाहेरूनच सीटवर आपला रुमाल टाकला. मी त्या जागेवर बसून लातूरला आले.