पाटीवरची अंडी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मानपुरला एका जुन्या मोटरचा भाव पाडत होतो. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं आणि मी सौदा तिथेच सोडून बाजूला झालो. तीस वर्षं मी त्या फोनला भीत आलो होतो... "भाऊजी, हे गेले. सकाळी चहा प्यायले आणि खुर्चीतच मान टाकली." खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. खुर्चीत गेला. चारचौघांसारखा गेला माझा दादा. त्याला आता दीड महिना होईल.

आजोबा महूच्या पलटणीत, वडील इंदूरच्या मिलमध्ये, त्यांच्यामागून दादाही तिथेच, विणाईच्या खात्यात. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात वीस वर्षं काढल्यामुळे तो घरातही ओरडूनच बोलायचा. नुसतं मीठ मागितलं तरी शेजारीण दचकायची. मग मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. त्याच दिवसांत बाजार खुला झाला होता आणि बंद पडलेल्या कारखान्यांची यंत्रं उचलून विकत मी वर आलो, राजेंद्र नगरात घर बांधलं. माझ्या धंद्यात ये, असं त्याला दोनदा म्हणालो. "तू मशीन मोडतो रे छोटू. मी चालवायचो." मी संतापून उठून आलो. पण पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या गल्लीतले दोन विणकर रेल्वेच्या पटरीवर सापडले. तिसरा कोण, हे कोणी मोठ्याने विचारत नव्हतं.

शहर सोडून चाललेल्या एका विणाई मास्तरांनी दादाला काचेची टाकी देऊन टाकली होती. तिच्यात एंजल माशांची जोडी होती, चपटी, पताकेसारख्या पंखांची. ही जात अंडी टाकून निघून जात नाही. मादी ती उभ्या जागी चिकटवते आणि नर-मादी दोघं पंखांनी त्यांना वारा घालत राखण करतात. दादाने आपल्या धाकट्या लेकीची दगडी पाटी टाकीत उभी केली. पाटीवर अंडी आली आणि दुसऱ्याच दिवशी आईबापांनी खाऊन टाकली. पुन्हा आली, पुन्हा खाल्ली. भांडं पडलं, पाऊल जोरात वाजलं, की बिथरून खायचे. मग दादाने घरात बोलणंच सोडलं. साच्यांच्या आवाजात कामगार एकमेकांशी बोलायचे, तशा हाताच्या खुणा करायचा आणि दिवसभर टाकीसमोर स्टुलावर बसून राहायचा. मी म्हणालो, "पाटी उचल, अंडी दुसऱ्या टाकीत फुटू दे. सगळे धंदेवाले हेच करतात."

"मग आईबाप कशाला?" कित्येक दिवसांनी त्याचा आवाज ऐकला. "घाबरलेले आईबाप पोरांना खातात, छोटू. त्यांना मारायचं नसतं रे..."

वहिनींनी हातातली कपबशी आवाज न करता खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दारात होत्या. "भाऊजी, मुलींना घेऊन जा. आजच." मी कारण विचारलं नाही. लालबागचा मेळा दाखवतो असं सांगून दोघींना आणलं. थोरली अकराची, धाकटी सातची. दादा टाकीकडे तोंड करून बसला होता. त्याने वळून पाहिलं नाही. त्यानंतर दारावरची घंटी वाजली की कोण आलंय ते मी आधी खिडकीतून पाहायचो.

तीन आठवड्यांनी तो सायकलवर आला आणि फाटकाबाहेर उभा राहिला. इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं. "पिल्लं पोहायला लागली. दोघं सांभाळतायत त्यांना. मुलींना दे."

आणि मी काय केलं? भाव केला. "पंधरा दिवस थांब."

"आज."

"दादा, दिमाग खराब करू नको माझा. दहा."

"दोन."

चारवर ठरलं. सख्ख्या भावाशी मी त्याच्याच लेकींचा सौदा केला, फाटकाच्या गजांमधून. चौथ्या दिवशी तो आला, एकीला पुढे, एकीला मागे बसवून घेऊन गेला. नंतर तीस वर्षं तो माझ्या घरात शिरला नाही. माझ्याकडची लग्नं झाली, माझं बायपास झालं. फाटकापर्यंत यायचा आणि तिथूनच परतायचा. मी त्याच्या पोरी सांभाळल्या आणि त्याने मला परका केलं, हा राग मी मुरवत राहिलो.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना आटोपून माणसं पांगल्यावर तो सगळा राग वहिनींसमोर ओकलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलींना पाठवायचं माझ्या मनातलं नव्हतं भाऊजी. ह्यांनीच सांगितलं होतं. छोटूकडे ठेव, म्हणाले, माझा मलाच भरवसा नाही."

"आणि ते चार दिवस?"

"तुम्ही महिना म्हणाला असतात तरी थांबले असते. घरी येऊन म्हणाले, बरं झालं, छोटूने लगेच दिल्या नाहीत."

माझा आवाज चढला. "मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाही?"

"शपथ घातली होती. त्या दिवशी फाटकावर तुमच्या डोळ्यांत त्यांना भीती दिसली. धाकटा भाऊ आपल्याला भितो... त्या घरात मग त्यांचा पायच उचलायचा नाही."

संध्याकाळ झाली होती. दादाने शेवटपर्यंत राखलेल्या टाकीच्या खोलीत अंधार होता, म्हणून मी बटणाकडे हात नेला. वहिनींनी मनगट धरलं. दादा आधी बाहेरच्या खोलीतला दिवा लावायचा, जरा थांबायचा आणि मगच टाकीचा. एकदम उजेड पडला की मासे काचेवर आदळतात. वहिनींनी बाहेरचा दिवा लावला. काळ्या पाण्यात हळूहळू पंख दिसायला लागले. आयुष्यात कोणासाठी न थांबलेला मी, हात मागे घेऊन उभा राहिलो.

"अजून थोडं," वहिनी म्हणाल्या.